बफरमध्ये चालणारी चिप रुग्णाच्या नमुन्यावर का अडखळते: मायक्रोफ्लुइडिक पद्धतीने जिवाणूसंसर्ग ओळखताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: जिवाणूंचा संसर्ग काही तासांत ओळखणारी मायक्रोफ्लुइडिक चिप, म्हणजे अतिसूक्ष्म वाहिन्यांतून द्रव नेणारी चिप, बनवायची आहे. बफरमध्ये (स्वच्छ क्षारद्रावात) सोडलेले ई. कोलाय जिवाणू ती व्यवस्थित पकडते, पण रक्त किंवा लघवी घातली की निकाल ढासळतो. रचना कशी करावी, आणि नेमके कुठे काय बिघडते?

कॅमेरा, अँटिबॉडी, इलेक्ट्रोड यांचा विचार जरा पुढे ढकला. आधी कागदावर आकारमानाचा हिशेब मांडा, कारण बहुतेक चिपचे भवितव्य तिथेच ठरते. प्रौढ रुग्णाच्या रक्तसंसर्गात दर मिलिलिटर रक्तात साधारण १ ते १०० जिवंत जिवाणू असतात आणि बरेचदा १० हूनही कमी. समजा, दर मिलीला एकच आहे. तुमच्या चिपमधून १० मायक्रोलिटर रक्त जात असेल, तर त्यात तो जिवाणू असण्याची शक्यता जेमतेम १ टक्का. संवेदक कितीही सरस असला तरी जे वाहिनीत आलेच नाही ते त्याला दिसणार नाही. ५ मिली रक्त घेतले आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिळून ६० टक्के जिवाणू टिकवले, तर सरासरी ३ जिवाणू हाती लागतात आणि निदान एक तरी सापडण्याची शक्यता ९५ टक्क्यांवर जाते. ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीच्या, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त घालायला सांगतात, त्यामागे हेच गणित आहे.

आता उलट बाजू पाहा. त्याच एका मिलीत सुमारे ५ अब्ज तांबड्या पेशी आणि ४० लाख ते १ कोटी १० लाख पांढऱ्या पेशी असतात. ५० लाख पांढऱ्या पेशी धरल्या तर माणसाचा डीएनए झाला ३३ मायक्रोग्रॅम, आणि १० ई. कोलायचा डीएनए ५० फेम्टोग्रॅम. म्हणजे हव्या असलेल्या डीएनएच्या ६५ कोटी पटींहून अधिक नको असलेला डीएनए. त्यामुळे रक्तासाठी चिप बनवणे म्हणजे मुख्यतः रक्त बाजूला काढण्याचे यंत्र बनवणे. ओळख पटवणे हा त्यातला छोटा आणि तुलनेने सुटलेला भाग आहे.

लघवीचे गणित कितीतरी सोपे आहे. मूत्रमार्गाच्या संसर्गात दर मिलीला १ लाख सीएफयू (वसाहत वाढवू शकणारे जिवाणू) ही रूढ मर्यादा. लक्षणे असलेल्या रुग्णात १,००० सुद्धा महत्त्वाचे ठरू शकतात. तरी १० मायक्रोलिटरमध्ये १० जिवाणू मिळतातच. म्हणून माझा स्पष्ट सल्ला: पहिली चिप लघवीसाठी बनवा. रक्ताकडे वळायचेच असेल, तर आधी पॉझिटिव्ह झालेल्या ब्लड कल्चर बाटलीतला द्राव घ्या. त्यात दर मिलीला १ कोटीहून अधिक जिवाणू असतात, आणि तिथे जलद सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणते प्रतिजैविक लागू पडेल याचे उत्तर, दिली तरी उपचाराचा एक दिवस वाचतो. थेट रक्तातून शोध ही त्यापुढची पायरी आहे.

थेट रक्तावर काम करायचे ठरले, तर वेगाचा विचार टाळता येत नाही. मिनिटाला १० मायक्रोलिटर वेगाने ५ मिली रक्त संपायला ८ तासांहून जास्त लागतात. तेवढ्या वेळात कल्चरच वाढू लागते. मग यंत्रणेचे दोन टप्पे करावे लागतात: पहिला मिलिलिटरच्या मापाचा, जो मिनिटाला निदान अर्धा ते एक मिली हाताळतो आणि शेवटी ५० ते १०० मायक्रोलिटर घट्ट केलेला द्राव देतो, दुसरा खऱ्या अर्थाने सूक्ष्म.

पहिल्या टप्प्यासाठी चार-पाच मार्ग आहेत आणि प्रत्येकाची एक ठरलेली अडचण आहे. सर्पिल वाहिनीत जडत्वाच्या बलाने मोठ्या पेशी एका बाजूला सरकतात. मात्र रक्ताचा सुमारे ४५ टक्के भाग पेशींचाच असल्याने त्या एकमेकींवर आदळतात, म्हणून निदान दहापट पातळ करावे लागते आणि ५ मिलीचे ५० मिली होतात. ध्वनिलहरींचे बल कणाच्या आकारमानावर अवलंबून असते; १ मायक्रॉनच्या जिवाणूवर ते इतके क्षीण पडते की द्रवातले भोवरे त्याला ओढून नेतात. तेव्हा ध्वनीने जिवाणू हलवायच्या भानगडीत पडू नका; रक्तपेशी मधोमध गोळा करा आणि कडेचा द्राव वेगळा घ्या. डायइलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे असमान विद्युतक्षेत्राने कण हलवण्याला, कमी विद्युतवाहकतेचा द्रव लागतो. रक्त, लघवी किंवा पीबीएस (क्षारयुक्त बफर) थेट घातले की द्रव तापतो, इलेक्ट्रोडवर बुडबुडे येतात आणि जिवाणू हवे तिकडे जात नाहीत. आधी धुऊन सुक्रोजच्या द्रावात आणावे लागते, आणि त्या धुण्यातच काही जिवाणू गमावतात.

चुंबकीय मण्यांवर अँटिबॉडी लावली तर एकाच प्रजातीपुरते काम होते, आणि संसर्ग कोणाचा आहे हे तर आपल्याला आधी ठाऊक नसते. म्हणून मॅनोज-बाइंडिंग लेक्टिनसारखे अनेक प्रजातींना धरणारे प्रथिन वापरतात. हार्वर्डच्या वीस इन्स्टिट्यूटने त्याचे एफसी-एमबीएल हे सुधारित रूप तयार केले आहे. इथे एक सापळा आहे. हे प्रथिन कॅल्शियम असेल तरच चिकटते. ईडीटीए किंवा सायट्रेट या गोठणरोधकांच्या नळीतले रक्त घेतले तर कॅल्शियम बांधले गेलेले असते आणि पकड जवळजवळ शून्यावर येते. वरून कॅल्शियम घातले तर रक्त गोठू लागते. हेपॅरिनची नळी घेतली तर पकड चांगली मिळते, पण हेपॅरिन पुढे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणारी चाचणी) अडवते. मण्यांवर पकडून दोन-तीनदा धुतले की हेपॅरिन बऱ्यापैकी निघून जाते, त्यामुळे हाच मार्ग बरा. यावरून एक गोष्ट लक्षात घ्या: रक्त कोणत्या नळीत घेणार हे चिपचे आराखडे काढण्याआधी ठरले पाहिजे.

सॅपोनिनने रक्तपेशी फोडणे स्वस्त आणि जलद असते. पेशी फुटल्या की सुटलेला डीएनए डीएनेझ या विकराने तोडायचा, नाहीतर द्राव चिकट होऊन गाळणी बुजते. मग ०.४५ मायक्रॉनच्या पटलावर जिवाणू अडवायचे. अडचण न्यूमोकोकसची: तो सॅपोनिनसारख्या डिटर्जंटसमोर स्वतःच फुटतो. काही ग्राम-निगेटिव्ह जिवाणूही जखमी होतात. डीएनए शोधणार असाल, तर फुटलेल्या जिवाणूचा डीएनए त्याच पायरीत डीएनेझ खाऊन टाकते. केवळ ई. कोलायवर तपासून ही कृती पक्की करू नका.

वाहिनीच्या आतली गती

१०० मायक्रॉनच्या वाहिनीत सेकंदाला १ मिमी वेगाने पाणी वाहत असेल, तर रेनॉल्ड्स अंक (जडत्व आणि चिकटपणा यांच्या बलांचे गुणोत्तर) ०.१ च्या आसपास येतो. तिथे खळबळ नसते. मिसळणे फक्त विसरणाने, म्हणजे कण आपोआप पसरत जाऊन, होते. प्रतिजैविकाचा लहान रेणू ५० मायक्रॉन अंतर दोन-तीन सेकंदांत ओलांडतो, पण १ मिमीसाठी त्याला १५ मिनिटांहून जास्त लागतात. स्वतः न पोहणारा जिवाणू ५० मायक्रॉन सरकायला सुमारे ४० मिनिटे घेतो. म्हणजे भिंतीवर अँटिबॉडी लावलेल्या १०० मायक्रॉन खोल वाहिनीतून नमुना २० सेकंदांत गेला, तर बहुतेक जिवाणू भिंतीपर्यंत पोचतच नाहीत. दोष अँटिबॉडीला दिला जातो, नवी मागवली जाते, आणि निकाल तसाच राहतो. वाहिनी २० मायक्रॉन खोलीवर आणा, किंवा तळाला तिरक्या खाचा देऊन द्रव उलटापालटा करा, किंवा द्रव सच्छिद्र पटलातूनच न्या. प्रजाती आणि पकड यांचा विचार त्यानंतर करायचा.

चिप घडवणे

प्रायोगिक चिपसाठी पीडीएमएस (सिलिकॉन रबर) अजूनही सोयीचे आहे. एसयू-८ या प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचा साचा तयार झाला की त्याची उंची प्रोफाइलोमीटरने मोजा. २० मायक्रॉनच्या जागी २६ निघाले तर पुढचे सगळे प्रवाहाचे हिशेब चुकतात. साच्याला फ्लोरोसिलेनची वाफ निर्वात डब्यात तासभर द्या, नाहीतर पहिल्याच ओतकामात पीडीएमएस चिकटून साचा फाटतो. मूळ द्रव आणि घट्टक वजनाने १०:१ मिसळा, ३० ते ४५ मिनिटे निर्वातात ठेवून हवा काढा, ७०° से. तापमानाला दोन तास भाजा. भोके नळीच्या बाहेरील व्यासापेक्षा किंचित लहान पाडा आणि पंचाचे पाते धारदार ठेवा. बोथट पात्याने भोकात चिरा पडतात आणि दाब देताच तिथूनच गळती होते. चिकटपट्टीने धूळ उचला, आयसोप्रोपॅनॉलने धुवा, पूर्ण वाळवा. काच आणि पीडीएमएसला ३० ते ६० सेकंद ऑक्सिजन प्लाझ्मा द्या, बाहेर काढताच जोडा आणि ८०° से. ला १०-१५ मिनिटे ठेवा. जास्त प्लाझ्मा म्हणजे जास्त पक्का जोड, असे अजिबात नाही: पृष्ठभागावर ठिसूळ थर येतो आणि जोड उलट कच्चा होतो.

प्लाझ्मानंतरची पाणी धरून ठेवण्याची वृत्ती काही तासांत ओसरते, म्हणून चिप लगेच पाण्याने भरून ठेवा. मग १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) अर्धा तास, किंवा प्लुरोनिक एफ-१२७ चा ०.२ ते १ टक्का द्राव, म्हणजे जिवाणू भिंतीला नको तिथे चिकटत नाहीत. सेन्सिटिव्हिटीसाठीची चिप असेल तर असे पृष्ठक्रियाशील (साबणासारखे) पदार्थ जपून वापरा. पॉलिसॉर्बेट-८० ची नुसती मात्रा काही औषधांची एमआयसी (जिवाणूंची वाढ रोखणारी किमान मात्रा) खाली आणते, कारण कोलिस्टिन किंवा डाल्बाव्हॅन्सिनसारखी औषधे एरवी प्लास्टिकला चिकटून बसतात आणि पॉलिसॉर्बेट तसे होऊ देत नाही.

पीडीएमएसचे दोन अवगुण सेन्सिटिव्हिटीत नडतात. पाण्यात नीट न विरघळणारे छोटे रेणू ते शोषते, त्यामुळे कक्षात औषध तुम्ही घातले त्यापेक्षा कमी असते. दुसरे, त्यातून पाण्याची वाफ निघून जाते. काही नॅनोलिटरचा कक्ष ३७° से. ला तासाभरात इतका आटू शकतो की क्षारांचे प्रमाण वाढून जिवाणू मंदावतात, आणि आपण समजतो औषधाने काम केले. कक्षांभोवती पाण्याने भरलेली वाहिनी फिरवा. शक्य असेल तेव्हा सीओसी किंवा पीएमएमए या कडक प्लास्टिककडे वळा. मोठ्या संख्येने बनवायची चिप तशीही त्यातच ओतावी लागते. पण मग उलटी तक्रार येते: या प्लास्टिकमधून ऑक्सिजन जवळजवळ जात नाही आणि बंद कक्षातला स्यूडोमोनास गुदमरून वाढायचा थांबतो. पीडीएमएसवर उत्तम चाललेली चाचणी प्लास्टिकवर नेली आणि स्यूडोमोनास सगळ्या औषधांना संवेदनशील दिसू लागला, तर आधी हे तपासा.

बुडबुडे, तुंबणे, मृत आकारमान

प्रत्यक्षात सर्वाधिक चाचण्या बुडबुड्यांमुळे वाया जातात. फ्रिजमधला माध्यमद्राव ३७° से. ला आला की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते. द्राव आधी ३७° वर आणून २०-३० मिनिटे निर्वातात ठेवा. चिप भरण्यापूर्वी आतली हवा कार्बन डायऑक्साइडने हाकला. तो पाण्यात पटकन विरघळतो. किंवा आधी इथेनॉल, मग बफर. शेवट बंद असलेले कक्ष भरायचे असतील तर पीडीएमएसची चिप तासभर निर्वातात ठेवून बाहेर काढा आणि लगेच प्रवेशद्वारी थेंब ठेवा: पदार्थ हवा ओढून घेतो आणि कक्ष आपोआप भरतात. बाहेर जाणाऱ्या नळीचे टोक थोडे वर बांधले तर आत दाब राहतो आणि नवे बुडबुडे कमी होतात.

लघवी फ्रिजमध्ये ठेवली की युरेटचे कण खाली बसतात. ३७° ला आणले की पुष्कळसे विरघळतात. आधी ४० मायक्रॉनची गाळणी लावा, मग चिपच्या तोंडाशी १०-१५ मायक्रॉन अंतराच्या खांबांची रांग. रांगेला फाटे ठेवा, म्हणजे एक जागा बुजली तरी प्रवाह चालू राहतो. ५ मायक्रॉनची सिरिंज गाळणी मोहात पाडते, पण स्टॅफिलोकोकसचे घोस तीत अडकतात आणि नेमका तोच संसर्ग निसटतो. लघवी दोन तासांत तपासायची किंवा ४° से. ला ठेवायची. बोरिक ॲसिडच्या नळीतली असेल, तर ते वाढ रोखते. पातळ केल्याशिवाय किंवा धुतल्याशिवाय वाढीवर आधारित चाचणीला ती चालणार नाही.

नळ्यांतल्या मृत आकारमानाचा, म्हणजे नमुना नुसताच अडून राहतो त्या जागेचा, हिशेबही करा. अर्धा मिमी आतील व्यासाच्या १ मीटर नळीत जवळपास २०० मायक्रोलिटर द्रव मावतो. घट्ट केलेला ५० मायक्रोलिटर नमुना अशा नळीतून पाठवला तर तो चिपपर्यंत पोचायच्या आतच पातळ होतो. नळी १० सेंमीच्या आत ठेवा, किंवा नमुना थेट चिपवरच्या विहिरीत सोडून मागून दाब द्या. सिरिंजमध्ये रक्त अर्धा तास पडून राहिले तर पेशी खाली बसतात आणि सुरुवातीचा व शेवटचा प्रवाह वेगवेगळ्या दाटपणाचा येतो. आत छोटा चुंबकीय ढवळक टाका.

ओळख कशी पटवायची

डीएनएवर आधारित मार्गांत लॅम्प (एलएएमपी, एकाच तापमानाला डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) सोयीचे: ६०-६५° से. एकच तापमान आणि साधारण अर्धा तास, त्यामुळे हीटर साधा चालतो. पण त्यातून तयार होणारा डीएनए इतका प्रचंड असतो की एक चिप उघडली तर ती खोली पुढचे कित्येक दिवस खोटे पॉझिटिव्ह देऊ शकते. चिप बंदच टाकून द्यायची, हा नियम मोडू नका. सगळ्या जिवाणूंना सामायिक असलेल्या १६एस जनुकावर पीसीआर करणार असाल तर लक्षात ठेवा, की पीसीआरमधले टॅक पॉलिमरेझ हे विकर बहुधा ई. कोलायमध्येच बनवलेले असते आणि त्याच्या डीएनएचा अंश त्यात उरतो. दोन-तीन जिवाणू शोधताना हा अंश खऱ्या संकेताएवढाच दिसतो. शिवाय डीएनए मेलेल्या जिवाणूचाही सापडतो. प्रतिजैविक सुरू असलेल्या रुग्णात हे फायद्याचेही असते आणि फसवेही.

नमुना तेलातल्या असंख्य सूक्ष्म थेंबांत विभागण्याच्या पद्धतीमागचे तत्त्व फार सुंदर आहे. ५० मायक्रॉन व्यासाच्या थेंबाचे आकारमान ६५ पिकोलिटर. त्यात एकच जिवाणू अडकला तरी त्या थेंबापुरते प्रमाण दर मिलीला दीड कोटी होते, आणि त्याने तयार केलेला रंग इतरत्र पसरत नाही. निदान तसे अपेक्षित असते. जिवंत जिवाणू दाखवणाऱ्या रेझाझुरिनपासून बनणारा चमकदार रंग रेझोरुफिन तेलातून शेजारच्या थेंबांत झिरपतो, आणि दोनेक तासांनी रिकामे थेंबही चमकू लागतात. वाचन लवकर करा, किंवा तेलात कमी विरघळणारा रंग निवडा.

इम्पिडन्सबद्दल, म्हणजे द्रवाचा विद्युतरोध मोजून जिवाणू ओळखण्याबद्दल, एवढेच सांगतो: घट्ट केलेल्या, धुतलेल्या नमुन्यावर ते चालते, कच्च्या लघवीवर क्षारांचा फरक जिवाणूंच्या संकेताला गिळून टाकतो.

सेन्सिटिव्हिटी

माझ्या मते मायक्रोफ्लुइडिक्सने सर्वात मोलाचे योगदान इथे दिले आहे. एकेक जिवाणू सव्वा मायक्रॉन रुंदीच्या सापळ्यात ओळीने अडकवायचा, अर्ध्या सापळ्यांना औषध, अर्ध्यांना नुसते माध्यम, आणि फेज-कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली दर मिनिटा-दोन मिनिटांनी लांबी मोजायची. २०१७ मध्ये उप्सालाच्या गटाने या रीतीने अर्ध्या तासाच्या आत उत्तर मिळवून दाखवले. त्यातूनच पुढे आलेल्या सिस्मेक्स ॲस्ट्रेगोच्या पीए-१०० यंत्रणेला २०२४ मध्ये लाँगिट्यूड प्राइझ मिळाले. लघवीतून सुमारे ४५ मिनिटांत कोणते औषध चालेल हे ती सांगते.

यातला सर्वात घातक चुकीचा अर्थ बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या कुळातल्या) औषधांत निघतो. सेफ्टाझिडिम, ॲझ्ट्रिओनाम, पिपरासिलिन यांच्यासमोर संवेदनशील ई. कोलाय विभागणे थांबवतो, पण लांब होत राहतो. केवळ लांबी किंवा क्षेत्रफळ मोजणारे सॉफ्टवेअर त्याला वाढ समजून रेझिस्टंट, म्हणजे औषधाला न जुमानणारा, ठरवते. मेसिलिनामसमोर तो उलट गोल होतो. म्हणून विभाजनाची भिंत पडली का आणि पेशी फुटली का, हे वेगळे मोजा, आणि या औषधांना दीड-दोन तास द्या. सिप्रोफ्लॉक्सासिनइतके झटपट उत्तर त्यांच्याकडून मागू नका. प्रत्येक चिपवर औषधाविना एक वाहिनी हवीच. तिथे वाढ दिसली नाही तर बाकी सगळे निकाल रद्द. लघवीतून आलेला जिवाणू नव्या माध्यमात लगेच वाढू लागत नाही, तेव्हा वाढ स्थिर झाल्यावरच घड्याळ सुरू करा.

जिवाणूंची संख्याही मर्यादेत ठेवा. संदर्भ पद्धतीत दर मिलीला ५ लाख जिवाणू घेतात. त्याहून पुष्कळ जास्त घेतले तर बीटा-लॅक्टम औषधे तोडणारे बीटा-लॅक्टमेझ विकर बनवणारे जिवाणू मिळून औषध संपवतात. फार कमी घेतले तर थोड्या संख्येने असलेले रेझिस्टंट जिवाणू नमुन्यात येतच नाहीत. शंभर सापळे भरून हजारात एक असलेला रेझिस्टंट गट सापडणार नाही, हे अहवालात लिहायला हवे. माध्यम कॅटायन-ॲडजस्टेड म्युलर-हिंटनच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण ठरवून दिलेले प्रमाणित माध्यम) ठेवा, नाहीतर एमआयसीची तुलनाच होणार नाही.

पडताळणी

रक्तात जिवाणू मिसळून तपासताना प्रयोगशाळेतले ताजे, जोमात वाढणारे ई. कोलाय घेतले तर आकडे भ्रामकरीत्या छान येतात. वाढ थांबलेल्या अवस्थेतले घ्या, क्लेबसिएला घ्या, कारण त्याचे आवरण पकडीत आडवे येते, आणि स्टॅफिलोकोकस घ्या. रक्त एकाच दात्याचे नको. प्रत्येक मिश्रणाची प्लेटवर मोजणी करा. घोसात असलेल्या स्टॅफिलोकोकसची एक वसाहत म्हणजे अनेक पेशी असू शकतात. टप्प्याटप्प्याचा जमाखर्च मांडा: पहिल्या टप्प्याचा टाकाऊ द्राव, धुतलेले पाणी, नळीला चिकटलेले, हे सगळे प्लेटवर पसरवा. गेले कुठे हे कळेपर्यंत संवेदक बदलू नका. शोधमर्यादा (खात्रीने सापडणारी किमान संख्या) म्हणून तोच आकडा सांगा ज्यावर २० पैकी निदान १९ वेळा पॉझिटिव्ह आले. जिवाणू न घातलेले नमुनेही तितकेच चालवा. सेन्सिटिव्हिटीत संदर्भ एमआयसीच्या एका दुपटीच्या आत, म्हणजे निम्मे ते दुप्पट यांच्या दरम्यान, ९० टक्के निकाल बसायला हवेत. रेझिस्टंट जिवाणूला संवेदनशील म्हणण्याची चूक सर्वात वाईट, म्हणून ती तपासायला पुरेसे रेझिस्टंट नमुने हवेत. तीसच घेतले आणि त्यात एक चुकला तरी चुकीचे प्रमाण ३ टक्क्यांहून जास्त होते.

वापरलेली चिप, नळ्या आणि टाकाऊ द्राव हे सारे संसर्गजन्य असते. काम जैवसुरक्षा पातळी २ वर, आणि क्षयाच्या जिवाणूचे कल्चर हाताळायचे असेल तर ३ वर. दाबाखाली सुटलेली नळी सूक्ष्म थेंब उडवते. म्हणून मायक्रोस्कोपवर ठेवायच्या आधी जोड पाण्याने, कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर तपासा. बाहेर पडणारा द्राव थेट अशा बाटलीत घ्या जिच्यात आधीच सोडियम हायपोक्लोराइट आहे, इतके की बाटली भरल्यावरही ते अर्ध्या टक्क्याखाली जाणार नाही. पण हीच बाटली ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, क्लोरीन सुटतो. चिप आणि नळ्या वेगळ्या पिशवीत, १२१° से. ला. डीएनए वाढवलेली बंद चिप मात्र ऑटोक्लेव्हही करू नका. उष्णतेने ती फुटली तर वाढलेला डीएनए वाफेबरोबर बाहेर येतो. ती दुहेरी पिशवीत बंद करून जाळण्यासाठी पाठवा.